‘साधं घालू की पॉवर?’



२०२२ सालच्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. लोणावळ्यात जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या एका पेट्रोलपंपावर मी स्कूटर घेऊन रांगेत उभा होतो. माझ्यापुढे एक तांबडीलाल स्पोर्ट्स कार होती. इतकी बुटकी, की पंपावरच्या मुलाला मालकाशी बोलण्यासाठी जवळजवळ ओणवे व्हावे लागले. त्याने ठरलेला प्रश्न विचारला, ‘साहेब, साधं घालू की पॉवर?’ आतून उत्तर आले, ‘सगळ्यात महाग जे असेल ते. टाकी फुल्ल कर.’

माझ्यामागे आमच्या शेजारची दहावीतली मुलगी वडिलांच्या व्हॅनमध्ये बसली होती. ती उतरून पुढे आली आणि हळूच म्हणाली, ‘काका, महागाचं पेट्रोल घातलं की गाडी खरंच जास्त पळते का? आमचे पप्पासुद्धा तेच घालतात. म्हणतात, घाट चढायला बरं पडतं.’

मी शिक्षकी ऐटीत सांगून टाकले, ‘काही फरक पडत नाही. पैसे फुकट जातात.’

हे उत्तर अर्धे चूक होते. ते कसे चुकले हे कळायला मला तिच्या वडिलांबरोबर बोरघाट चढावा लागला. त्या प्रवासाची हकीकत पुढे येईलच. त्याआधी या प्रश्नात किती पैसा गुंतलेला आहे ते पाहू. तिचे वडील प्रवाशांना कार्ला, भाजे, भुशी धरण, पवनेचा काठ असे फिरवून आणीत. कधी खोपोली-पनवेलहून माणसे घेऊन येत. दिवसाला आठ लिटर पेट्रोल आणि लिटरमागे आठ रुपये जादा धरले, तर दिवसाचे ६४ रुपये झाले. महिन्याचे २५ दिवस धरा, १६०० रुपये. लाल गाडीच्या मालकाला हा आकडा क्षुल्लक वाटेल. शाळेत जाणारी दोन मुले असलेल्या घरात तो क्षुल्लक नसतो. म्हणूनच ‘फरक पडतो की नाही’ याचे उत्तर ऐटीत देण्याजोगे नव्हते.

आता मुळापासून पाहू. महाग पेट्रोल महाग असते ते मुख्यतः त्याच्या ‘ऑक्टेन अंका’मुळे. आणि ऑक्टेन अंकाबद्दलचा आपल्याकडचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे तो पेट्रोलमधील ‘ताकद’ मोजतो. तो ताकद मोजत नाही, सोशिकपणा मोजतो.

सायकलच्या चाकात पंपाने हवा भरताना पंपाची नळी गरम होते, हे तुम्ही अनुभवले असेल. वायू झपाट्याने दाबला की तापतो. पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या वर येताना हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण असेच दाबले जाते. मूळ आकारमानाच्या आठव्या हिश्शापर्यंत दाबले तर ४० अंश सेल्सिअसची हवा, आदर्श वायूच्या सूत्राप्रमाणे, सुमारे ४४५ अंशांपर्यंत तापते. बाराव्या हिश्शापर्यंत दाबले तर सुमारे ५७० अंशांपर्यंत. (प्रत्यक्षात हे आकडे काहीसे कमी भरतात, पण कल चुकीचा नाही.) एवढे दाबायचे कशासाठी? तर जितके जास्त दाबावे तितका त्याच पेट्रोलमधून अधिक उपयोगी कार्य मिळण्याचा भाग वाढतो. याच आदर्श हिशेबाने आठपट दाबणाऱ्या इंजिनाची कार्यक्षमता ५६ टक्के येते आणि बारापट दाबणाऱ्याची ६३ टक्के. खऱ्या इंजिनाच्या वाट्याला याहून बरेच कमी येते, परंतु वाढ तिथेही दिसते. इंजिने बनवणारे गेली शंभर वर्षे दाब वाढवीत आले आहेत ते याचसाठी.

पण इथे एक अडचण उभी राहते. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या मावळातील डोंगरांवर वाळलेल्या गवताला वणवा लागतो, तो पुष्कळांनी पाहिला असेल. आगीची एक रेघ गवत खात पुढे पुढे सरकते. सिलिंडरमध्येही व्हायला हवे ते असेच. प्लगची ठिणगी पडते, तिथून ज्वालेची भिंत निघते आणि मिश्रण क्रमाने जाळीत पलीकडच्या कडेला पोहोचते. दट्ट्याला भक्कम पण सारखा रेटा मिळतो. मात्र ज्वाला पुढे येते तसतसे कोपऱ्यात अडकलेले उरलेसुरले मिश्रण आणखी दाबले जाते, आणखी तापते. ते फारच तापले, तर ज्वाला येण्याची वाट न पाहता आपले आपणच भडकते, आणि तेही एकदम. दाबाच्या लहरी सिलिंडरच्या भिंतींवर आपटू लागतात. आठ सेंटिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये सेकंदाला सुमारे सहा-सात हजार कंपने होतात आणि बाहेर धातूवर छोटी हातोडी मारल्यासारखी टकटक ऐकू येते. हेच ‘नॉकिंग’. ते फार वेळ चालले तर दट्ट्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाते.

पेट्रोल किती दाब आणि उष्णता सोसून ठिणगीची वाट पाहू शकते, हे सांगणारा अंक म्हणजे ऑक्टेन अंक. आयसो-ऑक्टेन हे फार सोशिक हायड्रोकार्बन. त्याला १०० गुण दिले. नॉर्मल हेप्टेन अगदी उतावळे, त्याला शून्य. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही मोजपट्टी ठरली. ९१ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकेच सोशिक असलेले पेट्रोल. त्यात खरोखरीचे आयसो-ऑक्टेन ९१ टक्के असते असे नव्हे. परीक्षेत दोघांना सारखे गुण मिळाले म्हणून दोघांची उत्तरपत्रिका एकच नसते, तसे हे आहे. ही परीक्षा एका खास एकसिलिंडरी इंजिनात घेतात. त्याचे दाबण्याचे प्रमाण चालू असताना कमीजास्त करता येते.

मग ऊर्जेचे काय? एक किलो पेट्रोल जाळले की साधारण ४४ मेगॅज्यूल उष्णता मिळते. ९१ ऑक्टेनचे घ्या की ९५ चे, या आकड्यात नाव घेण्यासारखा फरक नाही. याचा सर्वांत चांगला पुरावा सध्या आपल्या टाकीतच आहे. आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. महाराष्ट्रात त्यातले पुष्कळसे उसापासूनच येते. इथेनॉलचा ऑक्टेन अंक १०० च्याही वर, सुमारे १०८ आहे. म्हणजे सोशिकपणात ते पेट्रोलला मागे टाकते. परंतु एक लिटर इथेनॉलमध्ये ऊर्जा असते सुमारे २१ मेगॅज्यूल, आणि एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या लिटरभर पेट्रोलचा हिशेब तुम्हीच करा. ऊर्जा जवळजवळ सात टक्क्यांनी घटलेली दिसेल. ऑक्टेन अंक वाढला आणि ऊर्जा कमी झाली! दोन्ही एकच असते तर हे घडते ना. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही, साध्या पेट्रोलसाठी रचना झालेल्या आणि दहा टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या चारचाकींचे इंधनमान अशा मिश्रणावर सहा ते सात टक्क्यांनी घसरेल, असाच अंदाज दिला होता.

तर मग बोरघाट. व्हॅनवाल्यांना मी माझे हे सारे पुराण ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘सर, तुमचं शास्त्र बरोबर असेल. पण घाटात गाडी मी चालवतो. साधं पेट्रोल असलं की ही टकटक करते आणि दम टाकते. पॉवर घातलं की गप बसते. आता बोला!’

वैज्ञानिक वृत्ती म्हणजे काय यावर मी वर्गात तासन्‌तास बोलतो. निरीक्षण समोर आले असता ते उडवून लावणे शोभले नसते. पुढच्या आठवड्यात टाकीत साधे पेट्रोल असताना मी त्यांच्याशेजारी बसून खोपोलीहून लोणावळ्यास आलो.

खोपोली ते लोणावळा ही चढण उंचीने सुमारे साडेपाचशे मीटर आहे. याच उंचीवरून पाणी खाली सोडून टाटांनी १९१५ पासून खोपोलीला वीज निर्माण केली, म्हणजे ही उंची किती मोलाची आहे ते पाहा. माणसांसह १२०० किलोची गाडी एवढी वर उचलायची तर वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराने सुमारे साडेसहा मेगॅज्यूल लागतात. इंजीन पेट्रोलमधील ऊर्जेचा चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचवते असे धरले, तर नुसत्या उंचीपोटी पाऊण लिटराहून थोडे अधिक पेट्रोल खर्ची पडते. महाग पेट्रोल घातले म्हणून डोंगर बुटका होत नाही.

पण व्हॅन टकटक करीत होती, हे मात्र खरे. पूर्वी जिथे अमृतांजन पूल होता (तो एप्रिल २०२० मध्ये पाडला), त्या भागातील चढावर आवाज अगदी स्पष्ट होता. मी त्यांच्या पायाकडे आणि हाताकडे पाहिले. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, वेग रखडलेला आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला. ‘दुसरा गिअर टाका,’ मी म्हणालो. ‘पेट्रोल जास्त खाईल,’ ते म्हणाले. पण टाकला. टकटक थांबली!

असे का झाले ते सांगतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की सिलिंडरमध्ये भरपूर मिश्रण भरते आणि दाब वाढतो. त्यात इंजीन सावकाश फिरत असले की कोपऱ्यातल्या मिश्रणाला भडकायला वेळ मिळतो. खालचा गिअर घेतला की इंजीन भराभर फिरते, प्रत्येक फेरीत त्याच्यावरचा बोजा कमी होतो आणि मिश्रण स्वतःहून पेटण्यापूर्वीच ज्वाला तिथे पोचते. रेल्वेने हाच चढ ओलांडताना कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडतात, ती का हे ठाऊक असूनही आपण आपल्या गाडीला मात्र वरच्या गिअरमध्ये रखडवतो. खालचा गिअर म्हणजे टकटकीवरचा बिनपैशाचा उपाय होय.

तरीही एक कोडे उरलेच. तशीच दुसरी व्हॅन, तसाच चालक, साधेच पेट्रोल, आणि ती मात्र इतकी टकटक करीत नसे. उत्तर कामशेतच्या एका मेकॅनिकने दिले. त्याने हेड उतरवले तेव्हा दट्ट्याच्या माथ्यावर आणि वरच्या पोकळीत कार्बनचा जाड थर जमलेला निघाला. या थराने पोकळी लहान होते, म्हणजे मिश्रण अधिक दाबले जाते. शिवाय थर तापून राहतो. त्यात भर म्हणून ठिणगीचे टायमिंगही पुढे सरकलेले होते. म्हणजे ९१ ऑक्टेनवर खुशाल चालावे असे बनवलेले इंजीन वयामुळे आणि हयगयीमुळे ९५ मागू लागले होते. वडिलांचे निरीक्षण बरोबर होते, माझे उत्तर चूक होते. आणि तरीही महाग पेट्रोल हा त्यावरचा उपाय नव्हता. ताप आला की रोज गोळी घ्यावी आणि ताप कशाचा हे पाहूच नये, तसा तो प्रकार होता. मेकॅनिकचा खर्च दोन-अडीच महिन्यांच्या जादा पेट्रोलइतका आला. मग व्हॅन साध्या पेट्रोलवर घाट चढू लागली.

आता त्या लाल गाडीकडे वळू, कारण तिची गोष्ट निराळी आहे. आधुनिक स्पोर्ट्स कारचे इंजीन मुळातच जास्त दाबणारे असते, आणि बहुधा त्याला टर्बोचार्जर जोडलेला असतो. बाहेर फेकल्या जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा हा पंखा सिलिंडरमध्ये हवा कोंबतो. अशा इंजिनाला सोशिक पेट्रोल हवेच. युरोपात नेहमीचे पेट्रोल ९५ चे आणि वरचे ९८ चे असते. तिथल्या पुष्कळशा वेगवान गाड्यांची जुळणी ९८ धरून केलेली असते. अशा गाडीत ९१ चे पेट्रोल घातले तर काय होईल? जुन्या काळी इंजीन फुटले असते. आज इंजिनाच्या अंगाला एक छोटासा कान बसवलेला असतो. त्यात दाबले असता विद्युत्‌दाब निर्माण करणारे स्फटिकासारखे द्रव्य असते (भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला ‘पीझोइलेक्ट्रिक’ परिणाम तो हाच). सेकंदाला सहा-सात हजारांची ती टकटक त्याने ऐकली रे ऐकली की गाडीतला संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो आणि टर्बोचा दाब उतरवतो. इंजीन वाचते, ताकद मात्र घटते. पुन्हा चांगले पेट्रोल घातले की संगणक ठिणगी पूर्ववत वेळेवर आणतो आणि घटलेली ताकद परत मिळते.

‘परत मिळते’ हे शब्द नीट वाचा. महाग पेट्रोल नवी ताकद आणीत नाही. गमावलेली परत देते, आणि तीही संगणकात लिहून ठेवलेल्या मर्यादेपर्यंतच. ९५ वर पूर्ण समाधानी असलेल्या गाडीत १०० चे घातले तर संगणकाला त्याचे काय करावे हे ठाऊकच नसते. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचे पेट्रोल दहा शहरांत आणले. त्यात मुंबई आणि पुणे दोन्ही होती. दिल्लीत तेव्हा त्याचा भाव लिटरला १६० रुपये होता, आणि साधे पेट्रोल ८२ रुपयांच्या आसपास होते. दुप्पट भावाचे पेट्रोल कुणा मित्राच्या १२५ सीसीच्या मोटारसायकलीत घालून ‘काय पळते!’ म्हणणारी मुले मी पाहिली आहेत. पळत होता तो त्यांचा उत्साह. (तुमच्यापैकी बहुतेकांजवळ अजून परवाना नाही, हेही इथे सांगून ठेवतो.)

फरक किती पडतो याची मोजमापेही झाली आहेत. अमेरिकेतील ‘ट्रिपल ए’ या वाहनचालकांच्या मोठ्या संघटनेने २०१६ मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्या महाग पेट्रोलवर चालवून पाहिल्या. काही विशेष लाभ आढळला नाही. २०१७ मध्ये त्यांनी दुसऱ्या गाड्या घेतल्या, ज्यांना बनवणाऱ्यांनी महाग पेट्रोलची शिफारस केली होती पण सक्ती नव्हती. तिथे सरासरीने ताकद १.४ टक्के वाढली आणि इंधनमान २.७ टक्के सुधारले. म्हणजे फायदा आहे, पण जाहिरातीतल्या चित्त्याएवढा नाही. गाडीगाडीत फरक असतो आणि टर्बोवाल्या इंजिनात तो अधिक दिसू शकतो, हे मान्य करूनही चित्र फारसे बदलत नाही.

यात लोणावळ्याची म्हणून एक गंमत आहे. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहोत. इथला वायुदाब मुंबईपेक्षा सुमारे सात टक्क्यांनी कमी असतो. टर्बो नसलेल्या इंजिनात त्यामुळे हवा कमी भरते, ताकद थोडी उतरते. पण सिलिंडरमधला दाबही कमी राहत असल्याने टकटकीचा धोका घटतो. अमेरिकेत कोलोरॅडोसारख्या उंच प्रदेशात साधे पेट्रोल इतर ठिकाणांपेक्षा कमी ऑक्टेनचे विकले जाते, ते मुळात याच कारणाने. शिवाय थंड आणि दमट हवेतही टकटक कमी होते. पावसाळ्यातल्या लोणावळ्याची हवा म्हणजे उंचावरची, गार आणि ओलीचिंब. ऑक्टेनवर जादा पैसे खर्च करायला याहून अयोग्य जागा शोधून सापडणार नाही! एप्रिलमधल्या दुपारी, भरल्या गाडीने खोपोलीचा चढ धरताना स्थिती अगदी उलट असते.

आणखी एक. टकटक होते ती ॲक्सिलरेटर जवळजवळ पूर्ण दाबलेला असतानाच. मोटारीला सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरने जायला वीसेक अश्वशक्ती पुरते. द्रुतगती मार्गाच्या सपाट भागातील मोटारींची वेगमर्यादाही तीच आहे, आणि घाटात तर त्याहून कमी. चारशे अश्वशक्तीची गाडी तिथे आपल्या ताकदीचा विसावा हिस्सा वापरीत असते. तो लाल गाडीवाला त्या दिवशी पंपावरून निघाला आणि भुशी धरणाकडे जाणाऱ्या वाहनांच्या रांगेत अडकला. मी स्कूटरवरून त्याच्या बाजूने पुढे निघून गेलो. त्याच्या टाकीतल्या ऑक्टेनला करण्यासारखे तिथे काहीच नव्हते. अर्थात, त्याच्या गाडीला बनवणाऱ्यांनी जो किमान अंक सांगितला असेल तो त्याने पाळलाच पाहिजे, यात वाद नाही. माझा आक्षेप ‘सगळ्यात महाग जे असेल ते’ या शब्दांना आहे. किंमत ही काही भौतिक राशी नव्हे. तिने इंजीन चालत नाही.

या बाबतीत सगळा दोष ग्राहकाला देणे मला पटत नाही. पंपावर काय दिसते पाहा. ‘पॉवर’, ‘स्पीड’, ‘प्रीमियम’. काही नावांपुढे आता ९५ किंवा १०० असा आकडा लिहिलेला असतो, ही चांगली गोष्ट झाली. परंतु साध्या पेट्रोलच्या नळीवर त्याचा ऑक्टेन अंक लिहिलेला मला आजवर दिसलेला नाही. इंजीन स्वच्छ ठेवणारी रसायने मिसळून नाव झोकदार ठेवायचे आणि ऑक्टेन अंक मात्र नेहमीचाच, असेही पेट्रोल आपल्या बाजारात येऊन गेले आहे. स्वच्छक रसायने निरुपयोगी नाहीत. कार्बनच्या थराची हकीकत तुम्ही वाचलीच. पण स्वच्छता आणि ऑक्टेन या दोन वेगळ्या वस्तू एकाच मोघम नावाखाली विकणे ठीक नव्हे. औषधाच्या बाटलीवर घटक लिहावे लागतात, बिस्किटाच्या पुड्यावर वजन लिहावे लागते. मग प्रत्येक नळीवर ठळक देवनागरी अंकांत ऑक्टेन अंक आणि इथेनॉलचे प्रमाण का लिहू नये? खर्च एका रंगाच्या डब्याचा आहे.

आकडे लिहिले तरी ते कोणत्या पट्टीवरचे आहेत हे पाहावे लागेल. परदेशी चित्रफिती पाहणारी मुले मला सांगत असत, ‘सर, अमेरिकेत ९१ म्हणजे प्रीमियम, आणि आपल्याकडे ते साधंच!’ अमेरिकेत दोन निरनिराळ्या चाचण्यांच्या अंकांची सरासरी पंपावर लिहितात, आपण त्यांतल्या सौम्य चाचणीचा मोठा अंक लिहितो. आपले ९५ म्हणजे त्यांचे जवळजवळ ९०, आणि आपले ९१ म्हणजे त्यांचे ८६ च्या आसपास. इंच आणि सेंटिमीटर यांची गल्लत करण्यासारखेच आहे हे.

ऑक्टेन अंकाच्या मोहाची एक काळी बाजूही आहे, ती थोडक्यात सांगतो. १९२१ मध्ये अमेरिकेत टॉमस मिजली यांना असे आढळले, की शिशाचे एक संयुग चिमूटभर मिसळले की टकटक थांबते. स्वस्त आणि सोपा उपाय! पुढे जवळजवळ शंभर वर्षे जगभरच्या गाड्यांनी शिसे हवेत सोडले, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. जगात सर्वांत शेवटी, २०२१ मध्ये, अल्जीरियात. ऑक्टेन कशाने वाढवला, हा प्रश्नही विचारायचा असतो तो यासाठी.

शिक्षक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. हा विषय प्रयोगासाठी फार चांगला आहे, कारण तो करताना चुकण्याच्या जागा पुष्कळ आहेत. शाळेतल्या एखाद्या शिक्षकाची स्कूटर घ्या. टाकी काठोकाठ भरा, ठरलेला रस्ता, समजा कामशेत ते लोणावळा आणि परत, काही दिवस चालवा, पुन्हा काठोकाठ भरा आणि लिटरमागे किलोमीटर काढा. मग पेट्रोल बदला. पण चालवणाऱ्याला कोणते पेट्रोल आहे हे कळू देऊ नका. पंपावर दुसऱ्याने जावे. कारण महाग पेट्रोल घातले आहे हे ठाऊक असले की माणूस नकळत वेगळा चालवतो. दोन्ही पेट्रोले आलटून पालटून निदान तीन-तीन वेळा घ्या. मी माझ्या स्कूटरवर हे केले, तेव्हा तेच साधे पेट्रोल असतानाही दोन वेळच्या मोजणीत लिटरला दोन-तीन किलोमीटरचा फरक पडे; कधी पाऊस, कधी गर्दी, कधी टायरमधली हवा. साधे आणि महाग यांच्यातला फरक त्या चढउतारांत कुठे हरवून गेला ते मला शोधता आले नाही. मोजणीतली चूक ही काय चीज असते हे मुलांना समजावून सांगायला याहून बरे साधन मला ठाऊक नाही.

त्या व्हॅनच्या टाकीच्या झाकणावर काही लिहिलेले नव्हते. गाडीबरोबर आलेली पुस्तिका डॅशबोर्डच्या खणात पावत्यांखाली सापडली. तिच्या एका पानावर त्या मुलीने ९१ हा आकडा शोधून काढला आणि पेन्सिलने त्याभोवती गोल केला. तुमच्या घरी, शेजारी, शाळेच्या आवारात जी वाहने असतील त्यांच्या झाकणांवर आणि पुस्तिकांत कोणता आकडा आहे, आणि त्यांत प्रत्यक्षात कोणते पेट्रोल घातले जाते, याची यादी करून संपादकांकडे पाठवा. वाहनाचे साल लिहायला विसरू नका; २०२३ नंतरच्या गाड्यांवर इथेनॉलबद्दलही काही लिहिलेले आढळेल, तेही उतरवून घ्या.